ना चित्र, ना आवाज
(बी. कॉम. तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेतील एका मुलीने टीव्हीच्या दुरुस्तीवर लेख लिहावा, हे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना आगाऊपणाचे वाटण्याचा संभव आहे. त्यांना माझे एवढेच सांगणे की, न जुळणारी तेरीज आणि बंद पडलेला टीव्ही ह्या दोन्ही गोष्टी मी एकाच वर्षात शिकले, आणि मला तरी तो एकच विषय वाटला.

तेरीज जुळली नाही म्हणून कोणी वह्या फेकून देत नाही. आमचे सर सांगतात, आधी फरकाकडे पाहा. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी आकडे उलटसुलट लिहिले गेले असतील. ५४० चे ४५० झाले की ९० चा फरक पडतोच. फरकाची निम्मी रक्कम कुठे आहे ते शोधा. जमेची नोंद नावे पडली असेल. म्हणजे चूक कोठे आहे ते फरक स्वतःच अर्धे सांगून टाकतो. बंद टीव्हीचेही तसेच आहे. तो कसा बंद पडला आहे, हे नीट पाहिले तर बिघाड कोणत्या खात्यात आहे ते बहुधा न उघडताच कळते. आपण पाहत मात्र नाही. आपण त्याच्या डोक्यावर दोन थापा मारतो आणि मग म्हणतो, "गेला वाटतं!"

आता मूळ हकीकत. २०२४ च्या मे महिन्यातील गोष्ट. आम्ही वडगावात राहतो. संध्याकाळी वळीव आला. बेळगावचा वळीव ज्यांना ठाऊक आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. वाऱ्याने गल्लीतील झाडाची फांदी विजेच्या तारांवर पडली, आणि आमच्या घरातले दिवे जाण्याऐवजी एकदम लख्ख झाले. पंखा गरगर फिरू लागला. आई "बंद कर, बंद कर" म्हणेपर्यंत एक दिवा फुटला, टीव्हीतून टप्‌ असा आवाज आला आणि मग सगळाच अंधार झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली. पंखा फिरला, फ्रीज सुरू झाला. टीव्हीवर मात्र चित्र नाही, आवाज नाही, खालचा तांबडा दिवासुद्धा नाही.

टीव्ही ३२ इंची, २०१९ च्या दिवाळीत १३,५०० रुपयांना हप्त्याने घेतलेला. त्याची खरी मालकीण आमची आजी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जूनमध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरलेली. त्यासाठी बाबांनी उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या पगारातून महिन्याला थोडे थोडे करून पैसे बाजूला ठेवले होते. आजी टीव्ही बघत असे म्हणण्यापेक्षा ऐकत असे. दुपारी घरी कोणी नसले की त्या आवाजाचीच तिला सोबत.

एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने बटण दाबले, पुन्हा दाबले, आणि टीव्ही न उघडता सांगितले, "मदरबोर्ड जळालाय. साडेसहा हजार. त्यापेक्षा नवीनच घ्या की." येण्याचे दोनशे रुपये घेऊन तो गेला. बाबा गप्प बसले. नवा टीव्ही म्हणजे चौदा हजार. तेव्हा आजी आतून म्हणाली, "डोळ्याचं दिवाळीनंतर बघूया की. आधी टीव्ही आणा."

हे ऐकून मला झोप लागली नाही, म्हणून हा लेख.

शहापुरात एक जुने दुरुस्तीचे दुकान आहे. मालक मूळचे बैलहोंगलकडचे. गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. ते कन्नड बोलतात, मराठी समजतात आणि हिशोब मात्र मराठीत करतात. का ते त्यांनाही सांगता येत नाही. मी शाळा मराठी माध्यमात केली, कन्नड गल्लीत शिकले. त्यामुळे आमचे संभाषण अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे होई. टीव्ही चादरीत गुंडाळून मी आणि माझा भाऊ रिक्षाने त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी टीव्हीला हात लावण्याआधी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. दिवे आधी मोठे झाले की बारीक? टीव्ही चालू होता की नुसते बटण चालू होते? आवाज कुठून आला? वास आला का? मला ह्यातले निम्मे सांगता आले नाही. तेव्हा ते म्हणाले, "तंगी, मोदलु नोडु, आमेले मुट्टु." आधी बघ, मग हात लाव. त्या सुटीत मी रोज दुपारी दोन तास त्यांच्या दुकानात बसले. त्यांनी जे शिकवले ते माझ्या पद्धतीने मांडते.

पहिली पायरी फार साधी आहे, म्हणूनच ती कोणी करीत नाही. टीव्हीचा प्लग ज्या ठिकाणी लावतो तेथे आधी दुसरे काहीतरी लावून पाहावे. मोबाइलचा चार्जर चालेल. एक्स्टेन्शन बोर्ड मधे असेल तर तो काढून सरळ भिंतीत लावावे. अण्णांच्या दुकानात एक गृहस्थ गोव्याहून आणलेला मोठा टीव्ही घेऊन आले होते. टीव्हीत काहीच बिघाड नव्हता, बोर्डातले स्विच जळाले होते. अण्णांनी पैसे घेतले नाहीत, पण पाणीही दिले नाही.

प्लगमध्ये वीज आहे असे ठरले की मग टीव्हीवरच्या लहान दिव्याकडे पाहावे. हा दिवा म्हणजे रोजकीर्दीतली पहिली नोंद. तो मुळीच लागत नसेल तर बिघाड विजेच्या वाटेवर आहे; त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते, कारण आमचा टीव्ही त्याच जातीचा होता. तो लागतो पण रिमोट दाबल्यावर काही होत नाही, असे असेल तर आधी रिमोटवर संशय घ्यावा. रिमोटचे तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कॅमेऱ्यात जांभळट ठिणगीसारखा दिसतो. काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात तो दिसत नाही, पुढच्यात दिसतो. ठिणगी नसेल तर सेल बदलावेत. ठिणगी असूनही टीव्ही दाद देत नसेल तर टीव्हीच्या अंगावरचे बटण दाबून पाहावे. ते बहुधा खालच्या कडेला किंवा मागे लपलेले असते. आमच्या टीव्हीला बटण आहे हे आम्हांला पाच वर्षांनी कळले. दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा तितक्याच वेळा लुकलुकतो, असे होत असेल तर ती संख्या कागदावर लिहून ठेवावी. टीव्ही स्वतःचे दुखणे मोजून सांगत असतो. प्रत्येक कंपनीची संख्या वेगळी, पण कारागिराला ती उपयोगी पडते.

दिवा लागतो, टीव्ही सुरू झाल्यासारखा वाटतो, पण ना चित्र ना आवाज: ही तक्रार अण्णांकडे सर्वांत जास्त येते, आणि तिच्यात टीव्हीचा दोष सर्वांत कमी वेळा असतो. अशा वेळी रिमोटवरचे मेनूचे बटण दाबावे. पडद्यावर मेनू उमटला तर टीव्ही जिवंत आहे. त्याला कोणी काही पाठवत नाही, एवढेच. मग शोध टीव्हीबाहेर घ्यायचा. टीव्हीला अनेक दारे असतात, आणि सेट-टॉप बॉक्स ज्या दारात उभा आहे तेच दार उघडे आहे ना, हे 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून पाहावे. घरात लहान मूल असेल तर निम्मी दुरुस्ती येथेच संपते. त्यानंतर बॉक्सचा दिवा, त्याचा अडॅप्टर, मग मधली वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवणे. एचडीएमआयची वायर असेल तर टीव्ही आणि बॉक्स दोघांनाही भिंतीवरच्या बटणाने बंद करून दोन मिनिटे थांबावे आणि आधी टीव्ही, मग बॉक्स सुरू करावा. ही दोन यंत्रे सुरू होताना एकमेकांची ओळख करून घेतात; ती ओळख पटली नाही तर वायर ठीक असूनही पडदा काळाच राहतो. एखादेच चॅनेल दिसत नसेल आणि बाकीची दिसत असतील तर ते दुरुस्तीचे काम नव्हे, रिचार्जचे आहे.

बॉक्सही ठीक असेल तर गच्चीवर जावे. वरून येणारी तार केवळ सिग्नल आणत नाही. बॉक्स त्याच तारेतून छत्रीपुढच्या डबीला, म्हणजे एलएनबीला, १३ किंवा १८ व्होल्ट वीज वर पाठवत असतो. म्हणून तारेच्या टोकाशी असलेल्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला चिकटला तरी सगळे थांबते. पावसानंतर त्या टोकात पाणी शिरून हिरवा गंज चढतो, तो तर आपल्याकडे दरवर्षीचाच. आणि एक गंमत. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-१५, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. बेळगाव साधारण ७४.५ अंशांवर. म्हणजे आपली छत्री आग्नेयेकडे आणि बरीच वर पाहत असते. आमच्या मागल्या गल्लीतल्या एकांची फ्री डिश दर पावसाळ्यात बिघडते आणि उन्हाळ्यात आपोआप बरी होते, ह्याचे कोडे त्यांना कधी सुटले नव्हते. आग्नेयेला झाड आहे. पाऊस लागला की त्याला पालवी फुटते.

येथे जुन्या टीव्हीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, आणि १९८२ च्या एशियाडच्या सुमारास देशात रंगीत प्रक्षेपण आले. त्या काळच्या टीव्हीवर सिग्नल क्षीण झाला की मुंग्या येत आणि खर्रर्र असा आवाज येई. बाबा सांगतात, एकाने गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने खिडकीतून "आलं, आलं, गेलं!" असे ओरडायचे. पण त्या मुंग्याही एक निरोप होत्या: टीव्ही ठीक आहे, वरून येणारेच कमी पडते आहे. बॉक्समधून येणारे चित्र आकड्यांच्या रूपात येते. आकडे पुरेसे पोचले तर चित्र स्वच्छ, थोडे कमी पडले तर चौकोन चौकोन, आणखी कमी झाले तर काहीच नाही. मधली मुंग्यांची पायरी उरली नाही. म्हणून आजचा टीव्ही एकदम मेल्यासारखा वाटतो आणि माणूस घाबरून नवा आणतो. थाप मारून बरा होण्याचेही दिवस गेले. जुन्या संचात एखादा सांधा सैल असे, थापेने तो टेकत असे. पातळ पडद्यावर थाप मारली तर पडदाच जाईल.

चित्र आहे, आवाज नाही, हा प्रकार मला थोडक्यात सांगायचा आहे, कारण तो बहुतेक वेळा फजितीचा असतो. आवाज बंद केलेला असतो, इअरफोनची पिन मागे अडकलेली असते किंवा सेटिंगमध्ये बाहेरचा स्पीकर निवडलेला असतो. हे सगळे ठीक असेल तरच आतला स्पीकर.

आता आमचा टीव्ही. दिवाच नाही. अण्णांनी मागचे झाकण काढले आणि प्रथम एका जाड गोल डबीकडे बोट दाखवले. तो कपॅसिटर. भिंतीतली २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज आत आल्यावर एकाच दिशेची होते आणि त्या डबीत सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत साठते. प्लग काढल्यावरही ती तेथे काही वेळ राहू शकते. "आदी, हे मुट्टबेडा," अण्णा म्हणाले, "हे शाळा शिकवते आणि फीसुद्धा घेते." जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत तर ह्याच्या कितीतरी पट, रंगीत संचात वीस हजार व्होल्टच्या पुढे, ताण असे, आणि ट्यूब बंद केल्यावरही तो धरून ठेवी. म्हणून वाचकांना स्पष्टच सांगते: झाकणाच्या बाहेरची तपासणी सर्वांनी करावी, झाकण मात्र जाणत्यानेच उघडावे. मीही उघडले नाही, मी शेजारी बसले होते.

आत वीज येते तेथे पहिला फ्यूज, आणि फ्यूजच्या लगेच मागे निळ्या रंगाची एक चपटी चकती असते. आमची चकती फुटून काळी पडली होती. अण्णांनी त्यावरचा आकडा वाचायला लावला: ४७१. चार, सात आणि एक शून्य, म्हणजे ४७०. ही चकती एरवी विजेला अडवून गप्प बसते. पण व्होल्टेज तिच्या मर्यादेपलीकडे गेले की ती स्वतः वाट मोकळी करते, सगळा प्रवाह स्वतःतून जाऊ देते, आणि त्या भाराने फ्यूज उडतो. चकती मरते, फ्यूज मरतो, आतले बाकीचे वाचते. निदान वाचण्याची शक्यता असते.

व्होल्टेज वाढले कसे, हे मला फार दिवस कळत नव्हते. झाड पडले तर वीज जायला हवी, वाढायची कशी? अण्णांनी पाटीवर काढून दाखवले. खांबावरून तीन फेज येतात आणि एक न्यूट्रल. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळतो. त्यांच्यामध्ये २३० व्होल्ट. पण दोन फेजमध्ये मोजले तर ४००. फांदीने नेमका न्यूट्रल तुटला तर दोन वेगळ्या फेजवरची घरे एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. वाटणी समान होत नाही. ज्या बाजूला इस्त्री, गीझर, मोटार असे बरेच काही चालू आहे तिच्या वाट्याला कमी येते, आणि ज्या घरात एक पंखा, दोन दिवे आणि आजीचा टीव्ही एवढेच चालू आहे त्याच्या वाट्याला जास्त. भागीदारीच्या प्रकरणात असली वाटणी मी तरी पाहिलेली नाही. दिवे अचानक लख्ख झाले तर कौतुक करीत उभे राहू नये, घरातले मुख्य बटण बंद करावे. आणि गडगडाट सुरू झाला की टीव्हीचा प्लग तर काढावाच, पण छत्रीकडून येणारी तारही बॉक्समधून काढावी. ती वाट बहुतेक जण विसरतात.

एक कबुली द्यायची राहिली. अण्णांकडे जाण्याच्या आदल्या रात्री मी आणि भावाने असे ठरवले होते की, फ्यूजच गेला असेल, त्यावर तांब्याची एक तार गुंडाळावी आणि काम भागवावे. घरच्या जुन्या कटआउटमध्ये बाबांना तसे करताना आम्ही पाहिले होते. झाकणाचे स्क्रू आमच्या स्क्रूड्रायव्हरने निघाले नाहीत म्हणून बेत राहिला. हे मी अण्णांना हसत हसत सांगितले. ते हसले नाहीत. त्यांनी ती फुटलेली चकती माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारले, ही अशी आतून एकमेकांना चिकटलेली असताना तू फ्यूजच्या जागी तार घातली असतीस तर काय जळले असते? मला उत्तर आले. टीव्ही, कदाचित भिंतीतली तार, आणि टीव्हीच्या मागे आजीची खाट. तेरीज जुळत नाही म्हणून फरक उचंत खात्यात टाकून बेरीज जुळवणारा विद्यार्थी आणि फ्यूजवर तार गुंडाळणारा माणूस ह्यांत मला आता फरक वाटत नाही. फक्त पहिल्याला आग लागत नाही. फ्यूज आपण होऊन कधी जात नाही, काहीतरी त्याला घालवते, आणि शोध त्या काहीतरीचा असतो.

अण्णांनी चकती आणि फ्यूज बदलला, पण टीव्ही सरळ भिंतीत लावला नाही. त्यांच्याकडे एक लाकडी फळी आहे, तिच्यावर जुना शंभर वॅटचा दिवा आणि एक सॉकेट. वीज आधी त्या दिव्यातून जाते, मग टीव्हीत. आत अजून कुठे शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटून राहतो आणि टीव्ही वाचतो. आत सगळे ठीक असेल तर दिवा क्षणभर चमकतो, ती मोठी डबी भरली की मंद होतो. आमचा दिवा चमकला आणि मंद झाला. टीव्हीचा तांबडा ठिपका लागला. मी टाळ्या वाजवल्या. रिमोट दाबला आणि बातम्यांचा आवाज आला.

चित्र नव्हते.

अण्णांनी दुकानाचे शटर अर्धे ओढले, मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरला आणि म्हणाले, "इल्लि नोडु." काळ्या पडद्यात, विहिरीच्या तळाशी दिसावे तसे, बातम्या देणाऱ्या बाईचे डोके हलत होते. चित्र होते, त्याच्यामागचा उजेड नव्हता. हे समजून घेण्यासारखे आहे. एलईडी टीव्हीचा पडदा स्वतः उजळत नाही. तो रंगीत काचेच्या खिडकीसारखा असतो आणि त्याच्यामागे दिव्यांच्या पट्ट्या असतात. आमच्या संचात दोन पट्ट्या, प्रत्येकीवर सहा दिवे, सगळे एका माळेत. माळेतला एक दिवा तुटला की सगळी माळ विझते, गणपतीच्या आराशीत होते तसे. आवाज येतो पण पडदा काळा, अशी तक्रार असेल तर ही टॉर्चची परीक्षा कोणालाही घरी करता येते, आणि तिने बोर्ड गेला की पट्टी गेली ह्याचा निवाडा बराचसा होतो. साडेसहा हजार आणि बाराशे ह्यांतला तो फरक आहे.

हा दिवा वादळाने गेला का? अण्णांनी मला विचारले, डाव्या बाजूला कधी सावली दिसत होती का? होती. दिवाळीपासून होती. आम्ही तिच्याकडे पाहत होतो आणि तिला पाहत नव्हतो. एक दिवा आतून निकामी झाला होता, तरी माळ कशीबशी चालू होती. आता ती पुरती तुटली. एका चुकीच्या मागे दुसरी दडलेली होती. परीक्षेत असे गणित घातले तर विद्यार्थी तक्रार करतात.

हिशोब असा झाला. फ्यूज १० रुपये, चकती १५, मजुरी २२५; एकूण २५०. पट्ट्या ७०० आणि त्यांची मजुरी ४५०, कारण त्यासाठी पडदा उचलावा लागतो आणि तो पापडासारखा असतो, एकूण १,१५०. मी घरी येऊन सांगितले. आजी म्हणाली, "आवाज आला न्हवं? मग पुरे. चित्र तसंबी मला धूसरच दिसतंय. उगं पैसे घालू नका." बाबांनाही ते पटल्यासारखे दिसले. येथे आमचा वाद झाला. त्या दुरुस्तीवाल्याला दिलेले दोनशे बुडीत खर्च, ते विसरायचे, हे मी पुस्तकातून सांगू शकले. पण महिन्याने डोळा उघडल्यावर तिने काळ्या पडद्याकडे बघायचे का, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. १,४०० रुपयांत मिळणारा टीव्ही आणि चौदा हजारांचा टीव्ही ह्यांत शस्त्रक्रियेचे पैसे शिल्लक राहतात, एवढेच मी कागदावर मांडून दाखवले. बाबांनी कागद खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी अण्णांकडे ते स्वतः गेले.

दोन्ही पट्ट्या बदलल्या. एकच बदलली असती तर अर्धा पडदा उजळ आणि अर्धा मळकट झाला असता, आणि जुनीही लवकरच गेली असती. सेटिंगमध्ये मागच्या उजेडाचा आकडा शंभरावर होता, तो अण्णांनी साठवर आणला. उजेड कमी तर उष्णता कमी, आणि उष्णता कमी तर दिवे जास्त टिकतात. आपल्याकडच्या बहुतेक टीव्हींवर तो आकडा शंभरावरच असतो. वाचकांनी आज घरी जाऊन पाहावे.

आजीच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया जूनमध्ये ठरल्याप्रमाणे झाली. पट्टी काढल्यावर चार दिवसांनी ती टीव्हीसमोर बसली आणि म्हणाली, "ह्या बाईची साडी निळी का दिसतेय? पांढरी हाय न्हवं ती?" मी अण्णांकडे गेले. ते म्हणाले, बदलून घातलेल्या पट्ट्यांचा उजेड पुष्कळदा निळसर असतो, चित्राच्या सेटिंगमध्ये 'वॉर्म' कर. केले. तरी निळी. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, मोतीबिंदूचे भिंग पिवळट असते, ते निळा रंग अडवते. ते काढल्यावर काही दिवस सगळे निळसर वाटते.

दोघेही आपापल्या जागी बरोबर. मग मी अण्णांच्याच पद्धतीने गेले: एक भाग बदलून पाहायचा. टीव्ही तोच ठेवला आणि आजीला उजवा डोळा तळहाताने झाकायला सांगितला.

"आता?"

"आता पिवळट दिसतीय. मळक्या पाण्यात बुडवल्यागत."

"आणि आता?" मी हात काढून डावा डोळा झाकला.

"आता निळी." ती थोडा वेळ एकदा हा, एकदा तो डोळा झाकत बसली. मग रिमोट माझ्या हातातून घेऊन आवाज कमी केला आणि विचारले, "दुसऱ्याचं कधी करायचं म्हणालेत डॉक्टर?"